शालीचं चौथं धुणं

पणजेसासूबाईंनी ती लाल शाल धुतली, आजेसासूबाईंनी धुतली, सासूबाईंनी धुतली. आणि आज सुनेची पाळी होती.

शाल घरच्या लॉन्ड्रीच्या गल्ल्यामागे, काचेच्या पेटीत घडी करून ठेवलेली असे. निव्वळ लोकरीची, हाताने विणलेली. पेटीला कुलूप आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. घराण्याचा नेम असा, की गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसू पाहणारीने आधी ती शाल धुऊन दाखवायची. धुताना खोलीत फक्त सासू आणि सून. तिसरे माणूस नाही. शाल सुखरूप बाहेर आली, तर खुर्ची तिची.

“तीन पिढ्यांत एक धागा बिघडलेला नाही,” असे सासूबाई मान ताठ करून सांगत, आणि गिऱ्हाइके आपले उंची कपडे निर्धास्तपणे सोपवून जात.

सुनेला ती खुर्ची मनापासून हवी होती. त्याला कारणही तसेच होते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने नवऱ्याचा लोकरीचा स्वेटर उकळत्या पाण्यात बुचकळून, दोन्ही हातांनी पिळून काढला होता. वाळल्यावर तो इस्त्रीवाल्या काकांनी चहाच्या किटलीला चढवला. अगदी मापात बसला.

“सूनबाई, आता एक कानटोपीपण आटवून द्या. किटलीचे कान उघडे पडलेत,” काका म्हणाले, आणि सगळे दुकान खो खो हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. “उद्यापासून माझ्याजवळ उभी राहा,” एवढेच म्हणाल्या.

वर्षभर सून उभी राहिली. खिसे चाचपायला शिकली, चेन लावून कपडा उलटा करायला शिकली, शिवणीच्या आतल्या बाजूला ओला बोळा दाबून रंग पारखायला शिकली. सासूबाई प्रत्येक गोष्ट एकदाच सांगत. “लोकरीला धुवायचं पाणी कोमट, तर विसळायचंही तेवढंच कोमट. पिळायचं नाही, दाबायचं. टांगायचं नाही, पसरायचं.” चुकले, की म्हणत, “जा, डोकं घरी राहिलंय, ते घेऊन ये.” दुपारी दोन ते चार मात्र त्या आपल्या खोलीचे दार लावून घेत. त्या वेळी हाक मारण्याची कोणाची छाती नव्हती.

एकदा नवरा नवाकोरा लाल सदरा पांढऱ्या कपड्यांत टाकायला निघाला, तेव्हा सुनेनेच त्याचे मनगट धरले.

“अहो, नवा रंग पहिल्या धुण्यात वाघ असतो. एकदा सुटला, की पुढे जन्मभर गाय.”

सासूबाईंनी ते ऐकले. इतके दिवस गिऱ्हाइकांपुढे त्या ‘मुलाची बायको’ म्हणत; त्या दिवसापासून ‘आमच्या सूनबाई’ म्हणू लागल्या.

आज शाल त्यांनी स्वतःच आतल्या खोलीत आणून ठेवली होती. दाराला कडी लागली. सुनेने शाल टेबलावर सपाट पसरली आणि तिच्या कडेने खडूची रेघ ओढली. धुतल्यावर शाल त्याच रेघेत बसायला हवी. टबातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिले, साबण विरघळवला, आणि शाल अलगद आत सोडली.

पाणी गुलाबी झाले.



“सूनबाई,” बाहेरून काका ओरडले, “शाल आहे ना अजून, की रुमाल झाला?”

“काका, तिकडे इस्त्रीखाली कोणाची तरी पँट करपतेय,” सासूबाई म्हणाल्या. बाहेर पावले धावत गेली.

शाल ओढून बाहेर काढावी, असे सुनेला फार वाटले. तिने तसे केले नाही. ओली लोकर ओढली, की संपली, हे तिला आता ठाऊक होते. ती शांतपणे दाबत राहिली. पहिले पाणी गुलाबी, दुसरे फिके, तिसरे नितळ. मग शाल टॉवेलात गुंडाळून तिने पाणी टिपले आणि टेबलावर पसरली. काठ रेघेला तंतोतंत भिडले. लाल रंगावर कुठे पट्टा नाही, डाग नाही.

सासूबाई कडी काढायला निघाल्या. सून आडवी आली.

“आई, थांबा. मला खुर्ची नको.”

“का गं?”

“माप राहिलं, पण रंग सुटला. तुम्ही पाहिलंत. तीन पिढ्यांत जे कोणाच्या हातून झालं नाही, ते माझ्या हातून झालं. हे झाकून मी त्या खुर्चीवर बसणार नाही.”

सासूबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळले.

“रंग कधी सुटतो?”

“पहिल्या धुण्या…” सून थांबली. तिने शालीकडे पाहिले, मग सासूबाईंकडे.

“तुझ्या पणजेसासूंची शाल उशीच्या अभ्र्याएवढी झाली,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंची गोधडीसारखी जाडजूड झाली. माझी तर बाहुलीनंसुद्धा पांघरली नसती. बिघडवणारीनं पुढचीसाठी नवी विणायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, एवढं देणं आम्ही तिघी या घराचं लागलो. ही मी गेल्या वर्षभरात विणली. तोवर पेटीत फडक्याच्या घडीवर माझी आटलेली शालच गुंडाळून ठेवली होती.” त्यांनी ओल्या शालीवरून हात फिरवला आणि मान ताठ केली. “तुला मात्र मी विणायला शिकवणार नाही. तुझ्या सुनेला हीच शाल धुवायला मिळेल. तिघींचं देणं आज फिटलं.”