दुसरा ब्रेक

"मग वाढीव वॉरंटी घ्यायची ना, सर? पाच वर्षांची की सात?" विक्रेत्यानं विचारलं आणि टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशीवर कचकन दाबला गेला.

ही तिची जुनी खोड. बावीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत आली होती. शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शिकाऊ माणूस बावचळला की तो तिनं दाबायचा. तिच्या गाडीतला तो ब्रेक नवऱ्यानंच आपल्या गॅरेजात बसवून दिला होता. तेव्हापासून भीती वाटली की तिचा पाय ब्रेक शोधायला लागायचा, मग ती दाताच्या डॉक्टरकडे बसलेली असो नाहीतर घरी. आणि आज ती फार म्हणजे फार घाबरलेली होती.

काचेपलीकडे लाल रंगाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार उभी होती. नवऱ्यानं ती तिच्या नावावर घेतली होती. "जन्मभर दुसऱ्यांच्या शेजारी बसून 'हळू, हळू' म्हणत आलीस," तो म्हणाला होता, "आता जरा स्वतः जोरात जा." ऐकायला गोड होतं. पण हा माणूस स्वतःच्या चपलेचा अंगठा तीन-तीनदा शिवून वापरणारा. दोन आठवड्यांपूर्वी तो मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या करून आला. "काही नाही गं, पित्त आहे," एवढंच बोलला. रिपोर्ट दाखवले नाहीत. मग एका सकाळी त्यानं घरातल्या मेन स्विचच्या पेटीत चिठ्ठ्या चिकटवल्या. स्वयंपाकघर. गीझर. पाण्याची मोटर. तीस वर्षांत त्या पेटीला त्यानं तिला हात लावू दिला नव्हता. अक्षरं चांगली ठळक होती, तिला चष्म्याशिवाय वाचता येतील अशी.

सरळ विचारायचं धाडस तिला होत नव्हतं. विचारलं आणि त्यानं खरं सांगून टाकलं तर? म्हणून तिनं मनाशी एक ठरवलं होतं. वॉरंटीचा विषय निघेल तेव्हा तो काय म्हणतो, ते बघायचं. घरात मिक्सर आला, फ्रिज आला, कपड्यांचं मशीन आलं. प्रत्येक दुकानदारानं वाढीव वॉरंटी गळ्यात मारायचा प्रयत्न केला आणि प्रत्येकाला त्यानं हसतहसत वाटेला लावलं. काही बिघडलं की तो स्वतःच उघडून बसायचा. आजही नको म्हणाला, तर दुरुस्तीला तो असणार. हो म्हणाला, तर... पुढचं तिला मनातल्या मनातही म्हणवेना.

विक्रेता घडाघडा बोलत होता. गियरबॉक्स गेला तर केवढ्याला पडतो, सुटे भाग यायला किती महिने लागतात. "सात वर्षं कसली काळजी नाही, मॅडम," म्हणाला, पण बघत होता नवऱ्याकडे. नवऱ्यानं समोरचं वॉरंटीचं पत्रक उलटं केलं, परत सुलटं केलं. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक होतं. ते तिला इथं बसल्यावर पहिल्यांदा दिसलं. नाही म्हणा, ती मनात म्हणत होती. अहो, नाही म्हणा.

नवऱ्यानं आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. बोटांच्या पेरांत गॅरेजातलं काळं ऑइल कायमचं मुरलेलं होतं.

"ही बघा माझी वॉरंटी," तो म्हणाला. "तुमची ती ठेवा दुसऱ्या कुणाला तरी."

"बरं, सर." विक्रेता हसला आणि पत्रक ड्रॉवरमध्ये टाकून मोकळा झाला.

तिचा जीव भांड्यात पडला. हसू आलं, त्यातच डोळेही पुसावे लागले. पित्तच होतं तर. दोन आठवडे आपण उगाच जीव टांगणीला लावून घेतला. "अहो, त्या बिचाऱ्याशी जरा नीट तरी बोलायचं," असं म्हणून तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलंसुद्धा.

गाडीत ती स्टीअरिंगमागे बसली, नवरा शेजारी. "चला बाईसाहेब, काढा बाहेर," म्हणत तो नव्या बेल्टशी झटापट करू लागला. तिनं गाडी सुरू केली नाही. गाडी हलवण्याआधी कागद बघायचे, हे ती प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी बजावायची. समोरच्या कप्प्यातली फाइल तिनं काढली. पावती होती. विमा होता. विम्याच्या मागे आणखी एक कागद होता. वाढीव वॉरंटी, मुदत सात वर्षं. खाली नवऱ्याची तिरकी सही आणि कालची तारीख.

तिनं तो कागद दोनदा वाचला. म्हणून विक्रेत्यानं एका नकारात माघार घेतली होती. टेबलावरचं ते सगळं नाटक एकट्या तिच्यासाठी होतं. ती कुठल्या उत्तराकडे डोळे लावून बसलीय, हे नवऱ्यानं केव्हाच ओळखलं होतं.

"काय गं, ठीक आहेत ना कागद?" बेल्टमधून मान वर काढत त्यानं विचारलं.

तिनं फाइल मिटली. दोन्ही हात तिनं स्टीअरिंगवर घट्ट आवळले.

"ठीक आहेत," ती म्हणाली. "बरं केलंत, वॉरंटी घेतली नाहीत ते. तुम्ही असताना ती हवी कशाला?"

"तेच तर," तो समोर बघत म्हणाला.

गाडी अजून जागची हललीही नव्हती. त्याच्या बाजूला ब्रेकही नव्हता. तरी त्याचा उजवा पाय खालच्या गालिच्यात घट्ट दाबून धरलेला तिला दिसला.