बाहेरचं दार

गेमवाल्यांच्या ग्रुपवर सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. गेमचे जादा भाग काढणं म्हणजे शिळ्या कढीला ऊत, गेमचं भाषांतर म्हणजे नुसता पोरखेळ, आणि कुणालाही स्वतःची लेव्हल बनवायचा एडिटर देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, अशी त्याची ठाम मतं.

त्याच एडिटरवर, लग्न होऊन सासरी गेलेल्या ताईने त्याला एक लेव्हल बनवून पाठवली. लहानपणी दोघं एकमेकांसाठी अशाच बनवायची. नियम एकच होता. तोंडाने काही सांगायचं नाही, समोरच्याने खेळून ओळखायचं.

लेव्हलमध्ये एक घर होतं. अरुंद जिना, वर डावीकडे स्वयंपाकघर, मागे बिनखिडकीची खोली. जिकडे जावं तिकडे तोच एक शत्रू, आणि खेळणाऱ्याच्या हातात साधी काठीही नाही.

मास्तरने सवयीप्रमाणे धुतलं. "शत्रू मरत नाही, बाहेर पडायला दार नाही. अशी कुठे लेव्हल असते का गं? दोन स्टार, तेही बहीण म्हणून."

"दार कुठे ठेवायचं तेच मला सुचलं नाही रे," ताईने लिहिलं.

महिनाभराने भाऊजींचा फोन आला. ताई जिन्यावरून पडली आणि जागीच गेली.

त्या घरी माहेरचं कुणी आलेलं भाऊजींना कधी खपलं नव्हतं. आज तो आला. कुणाला काही न विचारता जिना चढला, स्वयंपाकघर ओलांडलं आणि सरळ मागच्या खोलीत तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.



"तू तर इथे कधीच आला नव्हतास," भाऊजी मागून हळूच म्हणाले. "मग वाट कशी ठाऊक तुला?"