बारा पूर्णांक चार

“पेन टेबलावर ठेवायचं, बास,” मामा म्हणाला. “टक् असा आवाज आला पाहिजे. खोकू नकोस. खोकलं की लोक बघतात.”

पाणी तपासणीच्या लॅबमध्ये ती ब्युरेट धूत होती. काचेची उभी नळी, तिच्यावर आकडे, खाली तोटी. नळीतलं द्रावण थेंबाथेंबाने फ्लास्कमधल्या पाण्यात सोडायचं. पाणी सुरुवातीला लाल असतं. ज्या थेंबाला ते निळं होतं तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. त्यावरून पाणी किती जड, म्हणजे किती क्षारांचं, आहे ते कळतं.

गेली तीन वर्षं मामाला लाल कुठे संपतो आणि निळा कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. डोळ्यांच्या ऑपरेशनला तो घाबरत होता. तोटी त्याच्या हातात असायची, शेजारून ती “बास” म्हणायची आणि रजिस्टरमध्ये सही मामाची पडायची. शिकाऊ माणसाला सहीचा अधिकार नव्हता. ती सहा वर्षं शिकाऊ होती.

“आणि नाही ठेवलं तर?” तिने विचारलं.

“गंमत सुचतेय तुला?”

“तुम्हाला मुदतवाढ मिळाली तर ही जागा अजून दोन वर्षं सुटत नाही. वयाची अट तेहेतीस आहे. माझ्याकडे पाच महिने उरलेत, मामा.”

“या दारातून आत कुणी आणलं तुला? तुझी आई माझ्या घरी येऊन रडली, तेव्हा साहेबांच्या पाया कोण पडलं?”

“शिकाऊ म्हणून आणलंत.”

“मग काय थेट खुर्चीत बसवायचं होतं? मी बारावीवर लागलो. बाटल्या धुतल्यात मी इथे.”

“दीड वर्ष धुतल्यात. प्रत्येक लग्नात सांगता तुम्ही.”

मामाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माझ्या घरात एक इंजिनिअर पोरगा बसलाय. तीस वर्षांचा घोडा. लोकांच्या दारात पार्सलं टाकतो आणि पेट्रोल मी भरतो. मी घरी बसलो तर आम्ही कुणाच्या जिवावर जगायचं? तुझ्या?”

“मग पेन धरायला त्यालाच बोलवायचं होतं.”

“फार जीभ चालायला लागलीय,” मामा म्हणाला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि त्याने शर्टाची कॉलर सारखी केली.

मुदतवाढ देण्याआधी एक प्रयोग करून दाखवावा लागे. त्यासाठी वरच्या ऑफिसातून अधिकारी आला होता. नमुन्याची आणि द्रावणाची, दोन्ही सीलबंद बाटल्या त्यानेच आणल्या होत्या. बरोबर उत्तराचं पाकीट त्याच्या खिशात होतं.

“बसून करा की,” तो म्हणाला.

“उभ्याची सवय आहे, साहेब.”

थेंब सोडण्यात मामाचा हात धरणारं कोणी नव्हतं. अर्धा थेंब तोटीच्या टोकाला लोंबकळत ठेवून तो फ्लास्कच्या काचेला टेकवून उतरवायचा. तिलाही ते त्यानेच शिकवलं होतं. ती टेबलापलीकडे पेन घेऊन उभी राहिली.

अकरा. साडेअकरा. लाल जांभळा होऊ लागला. बारा. बारा पूर्णांक चारला लालीची शेवटची छटा गेली आणि पाणी निळं झालं.

मामाचा कान तिच्या बाजूला होता. तिने पेन धरून ठेवलं.

त्याने आणखी एक थेंब सोडला. फ्लास्क गोल फिरवला, खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग आणखी एक थेंब. तितक्याच काळजीने. एकदा निळं झालेलं पाणी त्याहून निळं होत नाही. चूक फक्त नळीवरच्या आकड्यात वाढत जाते. तेरा. अधिकाऱ्याने रंग पाहिला होता, पण तो गप्प होता. साडेतेराला मामाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. शिवी होती.

चौदाला अधिकारी म्हणाला, “थांबा. केव्हाचंच झालंय ते.”

मामाने तोटी बंद केली.

“तुम्हाला दिसलं होतं?” अधिकाऱ्याने तिला विचारलं.

“हो.”

“कितीवर?”

“बारा पूर्णांक चार.”

त्याने पाकीट फाडलं, आतला कागद पाहिला आणि मान डोलावली. फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या. “मुदतवाढ देता येणार नाही,” तो मामाला म्हणाला. “महिनाअखेरीला मोकळे तुम्ही.”

“मग जाहिरात कधी निघेल, सर?” तिने विचारलं.

“कसली?”

“या जागेची.”

“ही जागा नाही भरणार. यांच्यानंतर लॅबच बंद. नमुने बाहेरच्या कंपनीकडे जाणार, ते ठरलंय. हे आहेत तोवर चालू ठेवायची, एवढंच होतं.” तो बाटल्या बॅगेत भरू लागला. “चालली असती अजून दोन वर्षं.”

नळाखालच्या सिंकमध्ये पाणी ठिबकत होतं. पेन तिच्या बोटांत तसंच होतं.

“त्या कंपनीत माणसं घेतात?”

“घेतात की. पण नवी पोरं लागतात त्यांना, पंचविशीच्या आतली.” अधिकाऱ्याने बॅगेची चेन ओढली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “तुमचं वय काय?”



“बत्तीस वर्षं सात महिने,” मामा म्हणाला. रजिस्टरसाठी आकडा सांगावा तसा, एकेक शब्द सुटा करून.