पूजेआधीचा फोन

“सकाळची पूजा होयेपर्यंत तोंडातून शब्द काढू नोको बाई, पोराचं परदेशात भलं होईल,” असं सासूबाईंनी सांगितलं होतं. दीड वर्ष मी ते मौन मोडलं नाही. कॅनडात माझा कुलदीप कामावरून खोलीवर यायचा, तेव्हा इकडे एकोडीत नुकतं उजाडलेलं असायचं. त्याचा फोन वाजत राहायचा, मी फुलं तोडत राहायचे. पूजा आटोपून लावला, की तो झोपलेला असायचा.

काल लेक आली, रेणू. म्हणाली, “आई, दादा लय थकला वं. कामात जीव लागत नाही, बोलाले मानूस नाही. तिथल्या डॉक्टरनं त्याले विचारलं, रोज कोणाशी बोलता?”

“मंग?”

“दादा म्हणे, आईले फोन लावतो. ते पूजेत असते, उचलत नाही. पण जेवढा वेळ रिंग वाजते, तेवढा वेळ घरी असल्यासारखं वाटते.”

मला मान वर करवेना. “उद्या उचलीन,” एवढंच म्हटलं.

आज फोन वाजला तेव्हा निरांजन लावायचं होतं.

“आई?” तो गडबडलाच. “पूजा झाली एवढ्या लवकर?”

“होते मागून. तू बोल, बाबू.”