जुना भाडेकरू

निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या दवाखान्यातल्या सिस्टरने राहतं घर तारण ठेवून दुसरा फ्लॅट घ्यायचं ठरवलं होतं. बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, पण हप्ता निघणार होता तो त्या फ्लॅटच्या भाड्यातूनच. भाडं थकलं की राहतं घरही गेलंच म्हणायचं.

"कशाला जिवाला घोर लावून घेता, ताई?" एजंट म्हणाला. "चार वर्षं हाच भाडेकरू आहे. एक महिना चुकवला नाही. फक्त टोकन आजच द्या, खाली दुसरी पार्टी थांबलीय."

ते त्याच फ्लॅटमध्ये बोलत होते आणि भाडेकरू समोरच सोफ्यावर बसला होता. हसरा, बोलका माणूस.

"घर सोडायचा विचार नाही ना हो?" सिस्टरने धीर करून विचारलं.

"छे! या घराने मला खूप दिलं. आता हाकलून दिलंत तरी जायचा नाही."

सिस्टरच्या जिवात जीव आला. तिने चेकबुक काढलं, पेन उघडलं. पण दिवस कलला होता, नीट दिसेना.

"जरा दिवा लावता का?"

भाडेकरू लगबगीने उठला. त्याने एक बटण दाबलं, पंखा फिरायला लागला. दुसरं दाबलं, काहीच झालं नाही. तिसरं दाबलं, तर बाल्कनीत उजेड पडला. एजंटने रुमाल काढून कपाळ पुसलं.

सिस्टरने पेनाला टोपण लावलं.


"राहू द्या, भाऊ. चार वर्षांत सापडलं नाही, ते आज कुठून सापडणार?"