अक्रोडावरचं सफरचंद

"काढ ते डोकं बाहेर डबड्यातून!" रादिसाव ओरडला. "लग्न माझ्या अंगणात आहे, तुझ्या पडद्यात नाही!"

यागोदाने मान वर केली नाही. आत्ताच काढलेला फोटो तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. नवरदेवाच्या पापणीचा केस न् केस दिसला तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं. मागच्या हिवाळ्यात याच गावातल्या एका बाप्तिस्म्याचे सगळे फोटो धूसर निघाले होते. गारठ्यातून आत गेल्यावर कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरली आणि तिने पाहिलंच नाही. तेव्हापासून मोरावा नदीकाठी तिचं नाव पडलं होतं 'धुकट यागोदा'. त्यानंतर हे पहिलंच लग्न मिळालं होतं. इथेही माती खाल्ली तर कॅमेरा गुंडाळून घरी बसायचं, दुसरं काय! म्हणून दर फोटोनंतर ती पडद्यात बघत होती, आणि दर वेळी हा म्हातारा तिच्यावर खेकसत होता.

"रादिसावकाका, माझं काम मला करू द्या."

"काम? बाप्तिस्म्यात केलंस तसलं?"

लोक खो खो हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा एक लख्ख फोटो काढते, तिने ठरवलं, की याचं तोंड कायमचं बंद होईल.

एरवी नदीवर गळ टाकून तासन् तास मुका बसणारा हा माणूस. आज मात्र त्याच्या तोंडाला खळ नव्हती. अक्रोडाच्या शेंड्याला सुतळीने सफरचंद टांगलं होतं. रीतीप्रमाणे नवऱ्याने ते बंदुकीने पाडायचं, मगच नवरी घराबाहेर यायची. नाही पडलं तर वऱ्हाडाने आल्या वाटेने परत. बाकीच्यांकडे हा घटकाभराचा खेळ असतो. पण रादिसाव भल्या पहाटे स्वतः शिडी लावून चढला, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही, आणि सगळ्यात बारकं सफरचंद सगळ्यात उंच फांदीला बांधून आला. म्हातारा जावयाचं नाक कापणार, हे गावाने तेव्हाच ओळखलं.

जावई उग्लेशा शहरातला, पियानोचे सूर जुळवणारा. बार काढताना दर वेळी डोळे घट्ट मिटायचा. पानं झडली, कावळे उडाले, सफरचंद जागच्या जागी.

"जावईबापू, कावळ्यांनी काय वाकडं केलंय तुमचं?" ओसरीच्या खांबाला टेकून, एक हात खिशात घालून रादिसाव गरजला. "पाद्री तिकडे वाट बघून म्हातारा होईल!"

नवरीचा मामा तिहोमिर सकाळपासून राकिया ढोसत होता. त्याला हा पोरगा पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होता. "हे शेवटचं काडतूस," तो म्हणाला. "हुकलं की तियाना घरातच राहणार. मामा आहे मी तिचा. दारात आडवा पडेन." वऱ्हाडातल्या पोरांनी बाह्या सरसावल्या. खिडकीआड तियाना हुंदके देत होती, ते अंगणापर्यंत ऐकू येत होतं. रादिसाव खांबापासून सरळ झाला.

उग्लेशाने बंदूक उचलली आणि डोळे मिटले. बार झाला. यागोदाने त्याच क्षणी बटण दाबलं. सफरचंद धप्पकन खाली पडलं.

एकच जल्लोष झाला. पण तिहोमिरने सफरचंद उचललं, फिरवून फिरवून पाहिलं. "अख्खं आहे! एक छर्रा लागलेला नाही. आपोआप पडलं हे!" त्याने उग्लेशाची कॉलर धरली. दोघंतिघं मध्ये पडले, एकाचा शर्ट फाटला. "फोटो आहे ना? ए धुकट, आण इकडे! सगळ्यांदेखत दाखव!"

यागोदाने फोटो उघडून मोठा केला. नवरा धूसर, बंदूकही धूसर. फोकस त्या दोघांना सोडून मागे ओसरीवर जाऊन बसला होता. तिथे रादिसाव उभा होता, मिशीच्या केसासकट लख्ख. हात खिशातून बाहेर, मूठ मागे खेचलेली. मुठीला गळाची तंगूस दोरी गुंडाळलेली. केसाएवढी बारीक दोरी उन्हात चमकत पानांतून वर गेली होती, थेट सफरचंदाच्या सुरगाठीपर्यंत.

एवढा स्वच्छ फोटो तिने जन्मात काढला नव्हता.

तिने वर पाहिलं. रादिसाव तिच्याकडेच बघत होता. मूठ त्याने पाठीमागे दडवली होती. घे की आता, बोल की, तिच्या मनात आलं. पडदा नुसता वळवायचा अवकाश होता. खिडकीआडचे हुंदके थांबले होते. आतली मुलगीही श्वास रोखून ऐकत होती.

"छर्रा सुतळीला लागलाय," यागोदा म्हणाली. "मी पाहिलं. सफरचंद काय, कुणीही फोडेल. सुतळी तोडायला नेम लागतो."

"तोंडाच्या वाफा नकोत! फोटो दाखव!"

"फोटो धूसर आलाय," ती म्हणाली आणि तो पुसून टाकला.

सगळं अंगण हसायला लागलं. "धुकट! धुकट!" कुणीतरी ताल धरला. त्या हसण्यात भांडणातली हवाच गेली. तिहोमिर थुंकला, कॉलर सोडली आणि राकियाकडे वळला. दार उघडलं, तियाना बाहेर आली. यागोदाचे डोळे मात्र रागाने भरून आले. चार गावांत आता तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

रादिसाव तरातरा तिच्यापाशी आला. "मी सकाळपासून काय सांगतोय?" तो सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा ओरडला. "हिला एक फोटो धड काढता येत नाही!"

कॅमेरा याच्या टाळक्यात घालावा, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्याने राकियाचा पेला तिच्यापुढे धरला. बोटांवर दोरीचा लालभडक वळ उठला होता.

"आणि कान उघडे ठेवून ऐका सगळे," तो पुन्हा गरजला, "धाकटीच्या लग्नालाही हीच येणार!"