वाढलं

"काच फुटली म्हणू नये पोरी, वाढली म्हणावं." गावातल्या बायकांना बांगड्या भरणारी आई तिला सांगायची. बाबा गेले, तेव्हा आईच्या बांगड्याही 'वाढवल्या'च होत्या.

म्हणून प्रयोगशाळेत, हायड्रोजनपासून वीज बनवणारा, आठशे अंश तापलेला फ्युएल सेल निवताना त्याच्या काचेच्या सीलला तडा गेला, तेव्हाही ती फोनवर सरांना एवढंच म्हणाली, "सर, सील वाढलं."

सर पेढे घेऊनच आले. "शेवटी वाढवलंस ना सीलचं आयुष्य! यंत्र उद्याच दवाखान्यात बसवू. बाळंतिणींच्या खोलीतले दिवे आता जाणार नाहीत."

पेढा तिच्या तळहातावर तसाच राहिला. त्या तड्यातून हायड्रोजन झिरपला तर? ती खिडकीपाशी गेली, परत आली, हातातल्या बांगड्या उगाच मागेपुढे सारत राहिली. सांगायचं तर तो शब्द उच्चारावा लागणार, आणि तो तर आईनं कधी ओठांवर येऊ दिला नव्हता.

"अगं, खा की! डाएट उद्यापासून." सर हसले.

तिनं पेढा खाली ठेवला. बांगड्या घट्ट धरल्या.

"सर, सील फुटलंय."